आजीचे आसन

आमच्या आजीस बसलेली पाहावयाचे असेल तर दिवेलागणीच्या सुमारास प्रार्थनेच्या पडवीत जावे लागे. घरात ती स्वस्थ बसल्याचे आम्हांस आठवत नाही. पहाटे ती जात्याशी बसे खरी. परंतु ते काम होते, त्यास बसणे कोण म्हणेल? चुलीशी ती उकिडवी असे, जेवणही बहुधा तसेच उरके. सायंकाळची ती एक घटका मात्र ती मांडी घालून, पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसे. त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये असा तिचा सक्त निर्बंध होता. आणि आयुष्यात तिने दुसऱ्यांवर घातलेला असा निर्बंध बहुधा तो एकच असावा.

शेंदूरजनाघाट हे आमचे गाव अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नागपूरची म्हणून जी संत्री मिरवतात त्यांतील पुष्कळशी वस्तुतः या भागातली. आणि आमच्या गावच्या रोपवाटिकांतील संत्र्याची कलमे तर दूरदूरचे बागवाईत घेऊन जातात. जंबेरीचे बी पेरून रोप वाढवावयाचे, त्याच्या सालीस काप देऊन आत संत्र्याचा डोळा बसवावयाचा आणि वरून घट्ट बांधावयाचे. डोळा धरला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकावयाचा. मूळ एकाचे राहते, फळ दुसऱ्याचे येते. आमच्या घरी हाच धंदा होता. डोळे बांधण्याचे काम पुरुषांचे; आजीकडे रोपांचे पाणी आणि बांधणाऱ्यांच्या भाकरी एवढेच असे. परंतु तिने त्यातून जी ओवी काढली ती आमच्या कानांत अद्याप आहे:

जंबेरीच्या खुटाले बांधला संत्र्याचा डोया,
सासरच्या आंगनात माहेरच्या पोरी गोया.

‘डोया’ म्हणजे डोळा आणि ‘गोया’ म्हणजे गोळा, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे. ही ओवी तिची स्वतःची होती. अशा तिने किती रचल्या असतील याचा हिशोब कोणापाशी नाही. आणि आमच्यापाशी तो नसावा ही आमच्या लाजेचीच गोष्ट आहे. त्याविषयी पुढे सांगू.

प्रार्थना म्हणजे तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, आमच्याच जिल्ह्यातील यावलीचा. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि हाती खंजिरी घेऊन सारा वऱ्हाड जागविला. १९४२ च्या ऑगस्टात आमच्या तालुक्यातील बेनोड्यास गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच साली महाराजांसही तुरुंगात टाकले. त्यानंतरच्या दिवसांत आजी प्रार्थनेस जाऊ लागली असे वडील सांगत. या प्रार्थनेत मूर्ती नसते. समोर एक आसन मांडलेले असते आणि ते रिकामे असते. त्यावर कोणी बसावयाचे नाही. पुढे ओळी करून लोक बसतात, आणि त्या ओळींत जातीची वा धर्माची विचारपूस नसते.

आमच्या आबाजींस नेमके हेच रुचले नाही. एका सायंकाळी आजी कंदील घेऊन निघाली असता त्यांनी ओसरीवरूनच विचारले, “त्या रांगेत कोन कोन बसते, मालूम हाय का तुले?” आजी उंबऱ्याशी थांबली व म्हणाली, “मालूम हाय. म्हनून तर जातो मी.” नवऱ्यास असे उत्तर देण्याचा तो काळ नव्हता. आबाजींनी जाण्यास मनाई केली नाही. परंतु परत आल्यावर विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतल्यावाचून चुलीशी यावयाचे नाही, असा दंडक घातला. आजीने तो मुकाट्याने पाळला. दोन हिवाळे, पौषाच्या थंडीतही, ती ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरत असे. पुढे एकदा तिला सणकून ताप भरला असता ती विहिरीकडे वळलेली पाहून आबाजीच म्हणाले, “राहू दे आता.” या विषयावर त्या दोघांत याहून अधिक भाषण झाल्याचे कोणी ऐकले नाही. आबाजी स्वतः मात्र अखेरपर्यंत प्रार्थनेस गेले नाहीत.

त्या रिकाम्या आसनास आजीने एक खोळ शिवली. प्रार्थनेस येणाऱ्या प्रत्येक घरातून तिने एकेक तुकडा मागून आणला होता. कोणाच्या जुन्या लुगड्याचा काठ, कोणाच्या चोळीचा खण, कोष्ट्याच्या घरचा मागावर उरलेला तुकडा, पिंजाऱ्याच्या घरचे हिरवे कापड, गावाबाहेरच्या वस्तीतील एका बाळंतिणीने दिलेले मुलाचे अंगडे. सर्व तुकडे तिने एकाच घंगाळात धुतले. मध्यभागी तिच्या स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर होता. तो कापताना घरात केवढा गिल्ला झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. टाके इतके बारीक होते, की जोड कोठे आहे ते हाताला लागत नसे.

पुढे आम्ही शिकण्यास अमरावतीस राहिलो. तेथे शेजारी एक ख्रिस्ती वृद्धा राहत असत. दर रविवारी सकाळी त्या गीतांचे पुस्तक छातीशी धरून चर्चला निघत. आणि त्यांची ती धिमी, परंतु कोणासाठी न थांबणारी चाल पाहून आम्हांस प्रत्येक वेळी आजी आठवे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रथम आमच्या हाती पडली ती त्यांच्याच घरची. नारायण वामन टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. परंतु त्यांना अक्षरओळख करून देणारा नवरा होता. आमच्या आजीस नातू होता, तोही शिकलेला. आणि त्याने काय केले?

सुटीत घरी गेलो असता आम्ही तिला ‘ग्रामगीता’ वाचून दाखवीत असू. १९५५ साली निघालेला हा ग्रंथ ४१ अध्यायांचा आणि ४,६७५ ओव्यांचा आहे. ‘महिलोन्नती’चा अध्याय तिने तीनदा वाचावयास लावला. ओवी कानी पडताच तिचा हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा हळूहळू फिरू लागे. एके दिवशी तिने विचारले, “हे सारं त्यायनं लिहून ठेवलं?” आम्ही होय म्हटले. ती हसली. “आमच्या तं दयनासंग सांडून जातेत.” आमच्या हाती त्या क्षणी लेखणी होती, समोर वही होती, आणि आम्ही पुढील अध्याय वाचावयास घेतला.

दुसरा अपराध याहून ढळढळीत आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले. त्यानंतर तीन वर्षांनी आम्हांस नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून काही धर्मकृत्य करावे म्हणून आम्ही अमरावतीहून त्या आसनासाठी जरीकाठाची मखमली खोळ विकत नेली. जुनी विटली होती, ठिगळांची होती. शिकलेल्या डोळ्यांस ती गोधडीसारखी दिसे. मंडळींनी आमचे कौतुक केले. आजीने मखमलीवरून हात फिरविला व म्हणाली, “लय साजरी हाय, बापा.” जुनी खोळ तिने घडी घालून काखेत घेतली, आणि नेहमीप्रमाणे ओळीत आपल्या जागी जाऊन बसली. मौनाच्या वेळी आम्ही डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते आणि हात मांडीवर, त्या घडीवर होते.

आजी १९७८ साली, आंबिया बहाराची तोड चालू असताना गेली. शेवटच्या दिवसांत तिची स्मृती गेली होती. तेव्हा मात्र आम्ही वही घेऊन तिच्या उशाशी बसलो. तिने जंबेरीची ओवी अर्धी म्हटली आणि पुढे आमचेच नाव काय म्हणून विचारू लागली.

ती खोळ आम्हांस पुष्कळ वर्षांनी, जुने घर उतरविताना, तिच्या पेटीत सापडली. तिजवर ती स्वतः कधी बसली नव्हती, हे घडीच्या रेषांवरूनच कळत होते. मखमलीचे पुढे काय झाले ते कोणी सांगू शकले नाही. कसर लागली असावी. खोळ घेऊन आम्ही गावातील दोघी-तिघी वृद्ध स्त्रियांकडे गेलो. एकीने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि आपल्या सासूचा काठ ओळखला; पिंजाऱ्याचे हिरवे कापड आम्हांस ठाऊक होते, लग्नाचा पदरही. एकूण तुकडे एकतीस आहेत. त्यांपैकी पाचांची घरे लागली.