उतरणारी विमानं

आमच्या पंतनगरच्या गच्चीवरून विमानं फक्त उतरताना दिसतात. घाटकोपरची ही गंमत बाहेरच्यांना मुद्दाम सांगावी लागते. सहार विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीला या बाजूनं 27 हा आकडा आहे. म्हणजे 270 अंश, सरळ पश्चिम. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं, आणि मुंबईचा वारा बहुतेक दिवस समुद्राकडून येतो. त्यामुळे येणारी विमानं आमच्या डोक्यावरून येतात आणि जाणारी जुहूवरून परस्पर समुद्रात निघून जातात. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी माणसं मुंबईला येतच असतात. जाणारं कुणी मी पाहिलंच नव्हतं.

धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा थोरली सव्वादोन वर्षांची होती. विमानाचा ‘व’ ती गिळते, तिचं ते ‘ईमान’. रोज संध्याकाळी दुधाचा पेला घेऊन ती आबांबरोबर, म्हणजे माझ्या बाबांबरोबर, गच्चीत जायची. विमान इतकं खालून जातं की पोटाखालची चाकं मोजता येतात. ‘चाकं आली,’ आबा म्हणायचे. ‘आता टाटा कर. आतली माणसं आपल्याकडे बघतायत.’ ती दोन्ही हातांनी टाटा करायची. दूध सांडायचं. पुढचं विमान येईपर्यंत आबा फरशी पुसून घ्यायचे.

नवरा बारसं उरकून न्यू जर्सीला परतला, रजा संपली म्हणून. पुढचं सगळं मागे राहिलेल्यांनी निस्तरायचं. धाकट्याच्या पासपोर्टचा फोटो हे त्यातलं एक प्रकरण. स्टेशनजवळच्या फोटोवाल्यानं त्याला पांढऱ्या चादरीवर निजवलं आणि स्वतः स्टुलावर चढला. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, दोन्ही कान दिसले पाहिजेत. दीड महिन्याच्या पोराला यातली एकही अट मान्य नव्हती. गालावरची तीट पुसायला लागली तेव्हा आई म्हणाली, ‘फोटो झाला की लगेच परत लावते.’ सहीच्या जागी त्याचा अंगठा. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. म्हणजे बालवाडी संपवून शाळेत निघालेला मुलगा एखाद्या अधिकाऱ्यापुढे उभा राहील आणि त्याची ओळख म्हणून हे जांभई अडवलेलं गाठोडं पुढे केलं जाईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. आईनं वेखंड, जायफळ, मेतकूट, नाचणीचं सत्त्व यांच्या पुड्या बांधल्या आणि स्वतःच्या जुन्या सुती पातळाचं शिवलेलं दुपटं माझ्या खांद्यावर टाकलं. ‘हे बॅगेत नको कोंबूस. हाताशी ठेव.’ आबा विमानतळावर आले नाहीत. रात्रीची जागरणं आता सोसत नाहीत, म्हणाले. थोरलीनं त्यांना बजावलं, ‘गच्चीत थांब. मी टाटा करीन.’

‘थांबतो,’ आबा म्हणाले.

चाळीस वर्षं त्या गच्चीत उभा राहिलेला माणूस. जाणारं विमान तिथून दिसत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मलाही ठाऊक होतं. मी चपला घालत राहिले.

असल्फा, साकीनाका, डोक्यावर मेट्रोचा पूल. रात्री अकरालाही रिक्षांची ती दाटी. टर्मिनल 2 च्या दारात आईची हद्द संपली. तिकीट आणि पासपोर्टाशिवाय जवान आत सोडत नाही. आत मोरपिसाऱ्यासारखे उमलत गेलेले पांढरे खांब आहेत, भिंतभर कलाकुसर आहे. मला आठवते ती फक्त गुळगुळीत फरशी आणि तीवरून धावत सुटलेली थोरली.

दीडच्या सुमाराला विमान उडालं. थोरली काचेला नाक लावून बसली होती. जुहूचे दिवे संपले आणि खाली नुसता काळोख.

‘आबा कुठेय?’

‘झोपले असतील गं.’

‘नाही. आबा गच्चीत.’

यावर मला काही बोलता आलं नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतःची जागा नसते. तिकिटाच्या साधारण दहाव्या हिश्शात त्याला आईची मांडी मिळते. थोरलीला मात्र जवळजवळ पूर्ण तिकीट काढून खिडकीची जागा घेतली होती, आणि उड्डाणानंतर तासाभरात तीही माझ्या मांडीवर. धाकट्यासाठी समोरच्या भिंतीला पाळणा अडकवून देतात. पाळणा म्हणायचा आपला. झोका नाही, कुरकुर नाही, नुसती पेटी. त्याला थोपटून, गुणगुणून, एकेक बोट सोडवून घेत त्यात ठेवावं, पाठ टेकते न टेकते तोच ‘टिंग’ वाजतं आणि पट्ट्याचा दिवा लागतो. हवा जराशी खडबडीत. नियमाप्रमाणे बाळ उचलून पुन्हा मांडीवर. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. अशाच एका टिंगनंतर दुपट्यात तोंड खुपसून थोडी हसले, थोडी रडले.

विमानातली हवा दाबून भरलेली असली तरी जमिनीसारखी नसते. अठराशे ते चोवीसशे मीटरच्या डोंगरावर असावी इतकी ती विरळ असते. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे ज्याला अजून धड पालथंही पडता येत नव्हतं, तो महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराहूनही वर कुठेतरी अंगठा चोखत पडला होता. वर ती हवा कोरडी ठाक. त्याचे ओठ सुकले की पाजायचं, माझे सुकले की तसंच बसायचं, कारण पाण्याचा पेला थोरलीच्या हातात.

संडासातला प्रसंग थोडक्यात सांगते. कमोडच्या वर एक फळी उघडते, तिच्यावर बाळाला निजवून लंगोट बदलायचा. थोरलीला बाहेर कुणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणून तीही आत. उभ्या कपाटाएवढ्या जागेत आम्ही तिघं. माझा एक हात बाळाच्या पोटावर, दुसऱ्यात घाण कपडा, आणि थोरलीला निळं बटण दिसलं. तो गर्जणारा आवाज ऐकून दोघांनी एकदम जो सूर लावला तो मागच्या रांगांपर्यंत गेला असणार. बाहेर येते तर कडेच्या जागेवरच्या काकू हात पसरून उभ्या.

‘लाव, मने आप. दे इकडे, तू जेवून घे.’

पांढरी साडी, हातात जपमाळ, पर्समध्ये ठेपल्यांचा डबा. लेकाकडे एडिसनला निघाल्या होत्या. राहायला कुठे? घाटकोपर वेस्ट. मग काय! धाकटा त्यांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपला आणि मी हातांनी गार भात खाल्ला. दोन्ही हात रिकामे असणं किती विचित्र वाटतं, ते तेव्हा कळलं.

रात्र संपत नव्हती, कारण ती आमच्याबरोबरच पश्चिमेला चालली होती. मला पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 साली त्या बोटीनं इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. नवरा वारून वर्ष उलटलेलं. तीन वर्षांनी आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही ही लेक सोबत. रमाबाईंची विद्वत्ता आपण शाळेपासून वाचतो. त्या बोटीवर मनोरमेचे कपडे कुठे वाळत घातले, ती पहिल्यांदा ‘घरी चल’ म्हणाली तेव्हा रमाबाईंनी कुठल्या घराचं नाव घेतलं, हे मला त्या रात्री जास्त विचारावंसं वाटत होतं. डेकवर धावायला जागा तरी असेल. मला उगाच हेवा वाटला.

सोळा तासांनी विमान खाली यायला लागलं. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि पोरांच्या कानांना दडे बसून ते दुखतात. गिळत राहिलं की मोकळे होतात. आईनं फोनवर कुणाचं ऐकलं होतं कोण जाणे, पण निघताना तीनदा सांगितलेलं, ‘उतरताना त्याला अंगावर घे.’ घेतलं. दुपट्याखाली त्याचे घोट मला मोजता येत होते. काकू माळ ओढत होत्या. इकडे सकाळ झाली होती. ढग विरले आणि खाली काळ्या उतरत्या छपरांची घरं, मागे चौकोनी हिरवळी, रिकामे रस्ते.

पायांखाली काहीतरी घडघडलं. थोरली खाडकन जागी झाली.

‘चाकं आली,’ ती म्हणाली.

मग काचेवर दोन्ही हात टेकून खाली बघायला लागली. एका घरावरून दुसऱ्या घरावर तिची नजर धावत होती. ‘आबा, टाटा. टाटा, आबा.’ त्यातल्या एकाही घराला गच्ची नव्हती. तरी ती हात हलवत राहिली. काकूंनी माळ मांडीवर ठेवली, माझ्यावरून वाकून खाली पाहिलं, आणि त्यांनीही एकदा हात हलवला.