चिकूला समुद्र दाखवायचा का?

सध्या आमच्या घरात भांडणाला एकच विषय आहे. कुत्रीला घेऊन अटलांटिक महासागर ओलांडायचा की नाही? हसू नका, प्रकरण सीरियस आहे!

झालंय असं, की नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मित्राने स्पेनमध्ये अडतीस फुटी शिडाची बोट घेतलीय. नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून निघायचं, अटलांटिक पार करून सेंट लुसियाला पोचायचं आणि मग वर्षभर कॅरिबियन बेटांमध्ये भटकायचं, असा त्याचा प्लॅन. क्रू म्हणून आम्ही दोघं त्याला हवे आहोत. गेटवेसमोर दोन सीझन वीकेंडला सेलिंग शिकलोय, म्हणजे अगदीच कच्चं लिंबू नाही. प्रश्न फक्त चिकूचा. चिकू म्हणजे आमची आठ वर्षांची देशी कुत्री. मित्र म्हणाला, ‘आणा की तिलाही! कितीतरी लोक नेतात.’

आणि खरंच नेतात. वाचायला बसले तर दोन रात्री गेल्या. बोटीवरच्या कुत्र्यांचं एक वेगळंच शास्त्र आहे. पहिला प्रश्न तुमच्या मनात आलाय तोच, शी-शूचं काय? तर बोटीच्या पुढच्या टोकाला कृत्रिम गवताची चटई टाकतात, तिला दोरी बांधतात आणि काम झालं की समुद्रात सोडून धुवून घेतात. अर्थात, हे कुत्र्याला पटायला हवं. नव्या बोटीवर कित्येक कुत्री दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ रोखून धरतात. मालक बिचारे टाळ्या वाजवायला तयार होऊन उभे! लाइफ जॅकेट असतं, त्याला पाठीवर हँडल असतं, म्हणजे पाण्यात पडलं तर हुकाने वर ओढता येतं. कठड्याला चारी बाजूंनी जाळी बांधतात. रात्री डेकवर यायचं तर पट्टा अडकवूनच. आणि बोटीवर उडते मासे येऊन पडतात, तो सकाळचा फुकट नाश्ता!

इथपर्यंत वाचून मीही विरघळले होते. मग मला सोफी टकर भेटली. ऑस्ट्रेलियातली ही कॅटल डॉग २००८ च्या नोव्हेंबरमध्ये क्वीन्सलँडच्या मॅके शहराजवळ खवळलेल्या समुद्रात घरच्यांच्या बोटीवरून पडली. त्यांनी खूप शोधलं, शेवटी ती गेली असंच धरलं. सोफी मात्र जवळपास पाच सागरी मैल पोहून एका बेटावर पोचली होती! तिथे चार महिने तिने एकटीने काढले, रानटी शेळ्यांची पिल्लं मारून जगली असावी असा अंदाज आहे. २००९ मध्ये वनरक्षकांना ती सापडली आणि घरच्यांची पुन्हा भेट झाली. गोष्ट सुखान्त आहे, पण माझी झोप उडाली. कारण ती पडली ती किनाऱ्याजवळ. आमच्या मार्गावर दोन हजार सातशे सागरी मैल मध्ये काही नाही. साधारण तीन आठवडे बेट नाही, व्हेट नाही. चिकूचं पोट बिघडलं की ‘उद्या डॉक्टरकडे नेऊ’ म्हणायची सोय नाही.

नवऱ्याकडे उत्तर तयार होतं. गिरेक सुदे हा फ्रेंच तरुण २०१४ मध्ये याच कॅनरी बेटांवरून मोनिक नावाची कोंबडी घेऊन अटलांटिकपार गेला. नंतर ती ग्रीनलंडच्या बर्फात त्याच्यासोबत अडकून राहिली आणि अंडी देत राहिली. ‘कोंबडीला जमतं, चिकूला नाही जमणार?’ मी म्हटलं, चिकू अंडी देत नाही.

पण मग तो जे बोलला, ते मात्र मला खोडता आलं नाही. ‘तू रोज हिच्याशी काय वागतेस ते बघ ना. मी साडेआठला निघतो, रात्री नऊला येतो. तू असाइनमेंटवर असलीस की ही दहा-दहा तास बंद फ्लॅटमध्ये दाराकडे तोंड करून पडलेली असते. बोटीवर आपण चोवीस तास तिच्यासमोर असू. कुत्र्याला आणखी काय हवं असतं?’

खरंय की! तुमच्याही घरी चिकू असेल, तर लिफ्टचा आवाज झाल्यावर आतून येणारं ते भुंकणं तुम्हाला ठाऊक असेल. कुत्र्याला स्क्वेअर फूट कळत नाहीत, आपण कळतो. तीन आठवडे नवरा-बायको कुठेही जाणार नाहीत, कॉल नाहीत, डेडलाइन नाहीत... चिकूच्या दृष्टीने हा स्वर्गच.

मग मी बेलाची गोष्ट पुन्हा वाचली. टिम शॅडॉक हा ऑस्ट्रेलियन २०२३ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या ला पाझहून फ्रेंच पॉलिनेशियाकडे निघाला. सोबत बेला, मेक्सिकोतच त्याच्यामागे लागलेली भटकी कुत्री. तिच्यासाठी त्याने तीनदा घर शोधायचा प्रयत्न केला होता, पण ती पुन्हा पुन्हा त्याच्या मागोमाग पाण्यावर आली. वादळात बोटीची यंत्रणा बंद पडली. कच्चे मासे आणि पावसाचं पाणी यावर दोघं जगले. जुलैमध्ये एका ट्यूना पकडणाऱ्या जहाजाने त्यांना वाचवलं. तीन महिने समुद्राने त्या दोघांना वेगळं केलं नाही. जमिनीवर आल्यावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याने बेलाला त्या जहाजावरच्या एका खलाशाकडे सोपवलं, ती मेक्सिकोत राहिली आणि तो पुढे गेला.

जमिनीवरचे हे नियम हा खरा राक्षस आहे. ऑस्ट्रेलियात रेबीज नाही, त्यामुळे बोटीतून आलेल्या कुत्र्याला तिथे किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. महिनाभर पाणी बघितल्यावर समोर गवत दिसतंय, वास येतोय आणि आपण बोटीतच बंद! जॉनी डेपनेसुद्धा २०१५ मध्ये पिस्टल आणि बू हे दोन यॉर्कशायर टेरियर परवानगीशिवाय विमानाने तिथे नेले, तर तिथल्या मंत्र्याने जाहीर सांगितलं, कुत्री परत पाठवा नाहीतर मारली जातील. स्टारचे लाड नाहीत.

चिकूची यादी मी फ्रिजवर लावलीय. युरोपात शिरायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी, त्यात अँटिबॉडी मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. पुढे कॅरिबियनमध्ये प्रत्येक बेटाचा कायदा निराळा. म्हणजे वर्षभर दर नव्या बंदरात आम्ही दोघं उतरून रम पिणार आणि चिकू कागद येईपर्यंत उन्हात तापलेल्या डेकवर आमची वाट बघणार. हे तर आमच्या फ्लॅटसारखंच झालं, फक्त इथे जमीनही हलते!

तिथे माझं ठरलं. चिकूला हवे आहोत आपण आणि पायाखाली माती, दोन्ही. लांबच्या सफरीत पहिली गोष्ट भरपूर मिळते, दुसरी जवळजवळ नाही. अटलांटिकचं स्वप्न आमचं आहे, आठ वर्षांच्या कुत्रीने त्याचा हप्ता का भरायचा?

तिला वर्षभर सोडून जाणंही मला मंजूर नाही. तिची किती वर्षं उरलीत, हा हिशेब कुणीही करू शकतं. म्हणून आम्ही कॅरिबियनचं वर्ष रद्द केलंय. फक्त अटलांटिक ओलांडायचा आणि सेंट लुसियाहून विमानाने परत. तेवढे दिवस चिकू नाशिकला आईकडे, अंगणात, पेरूच्या झाडाखाली. मित्र थोडा नाराज आहे, नवरा बराच.

पण त्याचा ‘दहा तास बंद फ्लॅट’चा मुद्दा मी सोडलेला नाही. त्यावर उपाय अटलांटिक नाही, अंधेरीतच आहे. निघायला अजून बरेच महिने आहेत आणि या सोमवारपासून त्याला आणि मला एकच नियम लागू झालाय... सातच्या आत घरात!