चेहरा कुणाचा, फोटो कुणाचा?

पूर्वी फोटो काढणे हा घरातला एक समारंभच असे. सारे कुटुंब ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जाई, ‘हलू नका’ हा हुकूम पाळी आणि आठवड्याने प्रती घेऊन येई. निगेटिव्ह मात्र फोटोग्राफरकडेच राही. त्याने घरच्या उपवर मुलीचा फोटो दर्शनी काचेत लावला, की काय गहजब उडे! पण वडील तडक दुकानात जात आणि फोटो खाली उतरे. कारण दुकान कुठे आहे, हे ठाऊक असे.

हे मला आठवले मांजरसुंब्याला. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या या नाक्यावर चहाला थांबलो होतो. दिवाळीचे दिवस. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या याच सुमारास बिऱ्हाड पाठीशी बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. असाच एक ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, शेळ्या, आणि त्या साऱ्यांवर बसलेली एक बाई व तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी. मोटारीतून उतरलेल्या एका तरुणाने मोबाईल वर धरला.

“दादा, ह्यो फोटू कुणाला दावणार?” बाईने विचारले.

“सगळ्यांना, मावशी! फार छान आलाय.”

“सगळे म्हंजे कोण?”

तरुण हसला. मुलीने पदराआड तोंड लपवले. “ती साळंत जाती,” बाई म्हणाली, “पोरींनी तिला अशी बघाया नको.”

“आता तर टाकलासुद्धा!” तरुण म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

घरी येऊन कायदा चाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा मालक सामान्यतः तो काढणारा. पैसे देऊन काढवून घेतला, तर पैसे देणारा. ज्याचा चेहरा, त्याचे नाव या हिशेबात कुठेच नाही. फेसबुक तर म्हणते, मालकी तुमचीच, आम्हाला फक्त जगभर फुकट वापरण्याचा परवाना द्या. मुकादम निदान उचल तरी देतो!

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या कायद्याने संमतीला महत्त्व दिले. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राकरवी होणारी नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने रोखली. फार चांगले झाले. पण ट्रकवरच्या मुलीने कुठल्या कोर्टाची पायरी चढावी, आणि तीही ऐन गळिताच्या हंगामात?

कायद्याच्या हिशेबाने तिचा तो फोटो त्या तरुणाच्या हयातीत त्याचा, आणि त्याच्यामागे आणखी ६० वर्षे त्याच्या वारसांचा.