मोटारसायकलचं इंजिन चार चाकांवर बसवताना: आधी ओझ्याचं गणित



द्राक्षाची काढणी सुरू झाली की बागेतून शेडपर्यंत क्रेट वाहायला माणूस मिळत नाही, हे आमच्या दिंडोरी भागात नवीन नाही. भरलेला क्रेट साधारण २० किलोचा. ट्रॅक्टर दुसऱ्या प्लॉटवर गुंतलेला असला की आमचे वडील, वय सत्तरीच्या पुढं, स्वतः क्रेट उचलतात आणि रात्री खांदा शेकत बसतात. घरी एक जुनी १५० सीसीची मोटारसायकल उभी आहे. सांगाडा गेलाय, इंजिन ठणठणीत. भाचा मेकॅनिकलला शिकतो. तो म्हणाला, "मामा, हिचं इंजिन काढू आणि चौकोनी पाइपची हलकी गाडी बनवू. क्रेट त्यावर."

पोराचं बोलणं हवेतलं नव्हतं. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत नावाची कॉलेजच्या पोरांची स्पर्धा होते. तिच्यासाठी त्याच्या टीमनं एका माणसाची गाडी स्वतः बांधली आणि तिला आपल्या चाकणला तयार होणारं केटीएम ३९० चं इंजिन बसवलं. इंग्लंडात हा नाद जुनाच आहे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत मिळायची. घरी जोडली की तयार गाडीवरचा कर वाचायचा. पुढं त्याच घडणीच्या गाड्यांत लोकांनी सुझुकी हायाबुसाची इंजिनं बसवली. आणि शेतकऱ्याचा दाखला हवा असेल तर अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी आहेत. त्यांनी १९९० च्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि अवजारं जोडली. ती बुलेट सांती सौराष्ट्रात कोळपणीला चालली.

म्हणजे होतं हे नक्की. पण रेसची गाडी हलकी असते, आपली क्रेटनं लादलेली. म्हणून वेल्डिंगवाल्याकडं जायच्या आधी आम्ही वही घेऊन बसलो.

मोटारसायकल आणि वर बसलेला माणूस मिळून साधारण २१५ किलो. आमची गाडी रिकामी २०० किलो धरली, चालवणारा ७०, आणि १५ क्रेटचे ३००. झाले ५७० किलो. म्हणजे त्याच इंजिनाला अडीच पटींपेक्षा जास्त ओझं. मूळच्याच स्प्रॉकेटवर हे ओढायला लावलं तर प्रत्येक वेळी उठताना क्लच घासणार. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. तो जळाला की त्याची भुकटी त्याच तेलातून सगळ्या इंजिनात फिरते.

यावर उपाय गिअरचा आहे, ताकदीचा नाही. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा व्यास टायरसकट सुमारे ६१ सेंटिमीटर. रिक्षाचं ८ इंची चाक टायरसकट ४१-४२ भरतं. नुसतं चाक बदललं तरी ओढ जवळपास दीडपट वाढते. मध्ये एक शाफ्ट टाकून चेनचा आणखी १ ला २ चा टप्पा दिला की एकूण ओढ तिप्पट होते. वेग मात्र तेवढाच कमी होतो. जी मोटारसायकल रस्त्यावर १०० नं पळायची, तिचं इंजिन आता फार तर ३३-३४ नं पळवेल. बागेच्या ओळीत तेवढाही वेग नको असतो.

दुसरी गोष्ट गरमीची. हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि तो वारा पळण्यातून मिळतो. माणसाच्या चालीनं ओझं ओढायचं तर वारा कुठून येणार? रिक्षाच्या इंजिनावर पंखा आणि पत्र्याचं झाकण असतं ते याचसाठी. आम्हीही इंजिनापुढं पंखा आणि वारा फिनांवर नेणारा पत्रा धरला आहे. तेल मोटारसायकलचंच, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कारचं पातळ तेल घातलं तर ओला क्लच घसरू शकतो.

तिसरी गोष्ट मला भाच्याकडून पहिल्यांदा कळली. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. चारचाकी कलत नाही. जोरात वळली की तेल एका बाजूला फेकलं जातं आणि पंप कोरडा ओढतो. रेसच्या गाडीत त्यासाठी चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवतात. आपल्या वेगाला ती भीती नाही, पण आडव्या उतारावर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवायचं नाही, हे ठरलं.

रिव्हर्स गिअर मोटारसायकलला नसतोच. बांधाला वळायला जागा आहे, तिथं चालेल. जागा कमी असेल त्यांनी वेगळा रिव्हर्स गिअरबॉक्स खर्चात धरावा.

हे सगळं वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "थांबवणार कशी?"

मंडळी, सगळ्यात महत्त्वाचं तेच. ५७० किलो उतारावर मोटारसायकलच्या ब्रेकनं थांबत नाहीत. म्हणून चारही चाकांना रिक्षाचे ड्रम ब्रेक आणि वेगळा हँडब्रेक लागणार. आणि चेन. काढणीला येणाऱ्या बायकांच्या डोक्याला स्टोल, अंगावर साडी. उघड्या चेनमध्ये पदर गेला तर कुणाच्या हाती काही राहत नाही. चेन पूर्ण झाकलेली, इंजिन बंद करायचं लाल बटण हाताशी, आणि क्रेटवर कुणी बसायचं नाही. एवढं जमत नसेल तर गाडी बांधूच नये, असं माझं मत झालं.

शेतीतल्या जाणकारांना हेही सांगायला हवं की ही ट्रॅक्टरची जागा घेणार नाही. १४ एचपीचं मोटारसायकल इंजिन ती ताकद ८००० फेऱ्यांवर देतं. छोटा डिझेल ट्रॅक्टर तेवढीच ताकद २५०० च्या आसपास देतो. कागदावर आकडा सारखा दिसतो, पण ब्लोअर किंवा रोटाव्हेटर तासन्‌तास ओढायला लावला तर मोटारसायकलचं इंजिन दमून जाईल. ओझं उचला, ठेवा, मध्ये विसावा घ्या, एवढंच तिचं काम.

गाडी फक्त आपल्या रानात फिरणार. घरी बांधलेल्या अशा गाडीला रस्त्यावर परवानगी नाही आणि काही झालं तर विमाही नाही. म्हणून रस्ता ओलांडून असलेला खालचा प्लॉट आम्ही हिशोबातून काढून टाकला. तिथलं काम ट्रॅक्टरच करेल. जुन्या मोटारसायकलची नोंदणी आरटीओत रद्द करायचा अर्ज आधी, इंजिन उतरवायचं नंतर.

वहीत आकडे जुळल्यावर वरच्या सपाट प्लॉटसाठी गाडी बांधायचं ठरलं. खेप १५ ऐवजी १२ क्रेटची. ६० किलो कमी झाले की क्लचला आणि ब्रेकला तेवढीच उसंत. वडील म्हणाले, पहिल्यांदा रिकामी चालवा, मग अर्धी भरा. तसंच करणार आहोत.