पायथन.एच सापडेना

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

नवा लॅपटॉप, उबुंटू २२.०४ आणि जुना प्रोजेक्ट. संध्याकाळपासून एकच लायब्ररी बसत नव्हती. पडद्यावर दीडशेएक ओळींचा लाल मजकूर, आणि मी दर वेळी फक्त शेवटची ओळ वाचत होते: बिल्ड फेल. तिच्याच मागे लागून दोन तास गेले. मग चहा ठेवला आणि सगळं वरून वाचायला घेतलं. मधोमध एक साधी ओळ होती: पायथन.एच नावाची फाइल सापडत नाही.

तिथे उलगडा झाला. त्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीचं पायथन ३.१२ साठी तयार पॅकेज नव्हतं, म्हणून पिप ती मूळ सी कोडपासून बांधायला बसलं होतं. उबुंटूत प्रोग्रॅम चालवायला लागतं ते एका पॅकेजात, आणि बांधायला लागणाऱ्या पायथन.एचसारख्या हेडर फाइली वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात. मला ही पद्धत पटते. नुसतं चालवणाऱ्याला बांधकामाचं सामान कशाला?

लगेच पायथन३-डेव्ह टाकलं. तरी तीच चूक! ते सिस्टिमच्या ३.१० चं सामान घेऊन आलं होतं, माझं ३.१२ मी वेगळं बसवलेलं. त्या आवृत्तीचं डेव्ह पॅकेज टाकलं आणि मिनिटभरात लायब्ररी बसली.

आता रीडमीत अगदी वर लिहून ठेवलं आहे: आधी आपल्या पायथन आवृत्तीचं डेव्ह पॅकेज टाका. उद्या टीममध्ये नवी मुलगी येतेय. तिची संध्याकाळ यात जायला नको.