नाव नाही, गोत्र नाही

माझ्या उजव्या डोळ्यात एका मेलेल्या माणसाचं बुबुळ आहे, आणि ते जिवंत आहे. हे वाक्य शब्दशः घ्यावं. बुबुळाच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातलं पाणी बुबुळात सारखं झिरपत असतं, ते उपसून बाहेर टाकण्याचं काम या पेशी करतात. त्या थकल्या की बुबुळ सुजतं, दुधाळ होतं आणि माणसाला दिसेनासं होतं. या पेशी पुन्हा वाढत नाहीत; जन्माला येताना मिळालेली शिदोरी आयुष्यभर पुरवायची. बुबुळ बदललं की त्याचा बाहेरचा पापुद्रा काही दिवसांत घेणाऱ्याच्या पेशींनी भरून येतो, पण हा आतला थर वर्षानुवर्षं देणाऱ्याचा राहतो. 1998 सालच्या माघात ज्या कुणाचा श्वास थांबला, त्या माणसाचं एवढं काम अजून थांबलेलं नाही.

मरणानंतर जीवन असतं का, असं कुणी विचारलं की मला आधी हे सांगावंसं वाटतं. आत्म्याचं नंतर बघू.

मी सांगलीत मुद्रितशोधनाचं काम करतो. खिळ्यांचे छापखाने बंद होत होते आणि डीटीपी आलं होतं, त्या काळात मी या धंद्यात शिरलो. विशीतच उजव्या डोळ्याला अक्षरांच्या सावल्या दिसू लागल्या. एका अनुस्वाराचे तीन व्हायचे, रफाराला शेपूट फुटायची, ‘मंद’ आहे की ‘मद’ हे पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळेना. डॉक्टरांनी नाव सांगितलं केरॅटोकोनस. बुबुळ मधोमध पातळ होत जातं आणि शंकूसारखं पुढे येतं. डाव्या डोळ्यालाही तेच होतं, पण तो कडक कॉन्टॅक्ट लेन्सवर भागत होता. उजव्याचं तसं राहिलं नाही. एका सकाळी आतला पडदा फाटला, पाणी बुबुळात शिरलं आणि काही तासांत डोळ्यापुढे पांढरं धुकं पसरलं. ते ओसरलं तेव्हा मागे व्रण राहिला. नवीन बुबुळ बसवण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. मिरजेच्या एका रुग्णालयातल्या प्रतीक्षायादीत माझं नाव लागलं.

त्या दिवसांत मला सांभाळलं ते आमच्या छापखान्यातल्या आप्पांनी. ते माझ्याहून तीस-एक वर्षांनी मोठे, आगरकरांचे निस्सीम भक्त. स्वतःच्या वडिलांचे दिवससुद्धा त्यांनी केले नव्हते आणि त्याबद्दल भाऊबंदांनी धरलेला अबोला त्यांनी शांतपणे सोसला होता. संध्याकाळी माझ्या वाट्याची प्रुफं ते स्वतः पुन्हा नजरेखालून घालत आणि मालकांना त्याचा पत्ता लागू देत नसत. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, ‘‘आप्पा, माणूस गेल्यावर खरंच काहीच उरत नाही?’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या मते नाही उरत. म्हणून तर जे कुणाच्या कामी येण्यासारखं आहे ते वेळेत काढून द्यावं.’’ नेत्रदानाचं कार्ड ते पाकिटात बाळगत. त्यांना मरण आलं ते कोकणातल्या गावी, रात्री, मुसळधार पावसात. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. तेवढ्या वेळात त्या गावापर्यंत कुणी पोचू शकलं नाही. आप्पांचं कार्ड तसंच राहिलं, याची हळहळ मला आजही आहे.

मला बोलावणं आलं ते दासनवमीच्या आदल्या दिवशी. शेजारच्या किराणा दुकानात फोन आला आणि दुकानदाराचा मुलगा धावत सांगायला आला. त्या रात्रीच माझ्या बुबुळाची मधली चकती कापून काढली आणि दुसऱ्याची तिथे बसवली. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, व्यास आठ मिलिमीटरच्या आसपास, आणि कडेनं केसाहून बारीक नायलॉनचे टाके. ते टाके पुढे वर्षभर डोळ्यात होते. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवावा लागत नाही. जात, धर्म, बाई की पुरुष, यांतलं काहीच आड येत नाही. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला सांगत नाहीत, हा नेत्रपेढीचा नियम. मी विचारून पाहिलं. तिथल्या बाई मायेनं म्हणाल्या, ‘‘नियमित थेंब घाला, तेवढं पुरे.’’

त्या वेळी बुबुळ ज्या द्रावात ठेवत, त्यात ते चारेक दिवस टिके. मी पंचांग काढून बसलो. माघ वद्य चतुर्थी ते अष्टमी. या पाच तिथींपैकी एका तिथीला ते माणूस गेलं असणार. नाव नाही, गोत्र नाही, गाव नाही. तिथी मात्र बरीचशी हाताशी लागलेली.

ते घर मी मनात किती वेळा उभं केलं असेल! माणूस गेलेल्या घरात त्या पहिल्या सहा तासांत काय चाललेलं असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कुणी दाराशी सुन्न बसलेलं, कुणी परगावच्या लेकीला कळवायला एसटीडी बूथवर गेलेलं, बांबू आणि मडकं आणायला माणसं पाठवलेली, आतून हुंदके. घर हिंदूंचं नसेल तर सामान वेगळं, पण हुंदके तेच. अशा गर्दीत एका कुणाला तरी आठवलं की यांचे डोळे द्यायचे आहेत. मग त्यानं नेत्रपेढीचा नंबर शोधला असेल, पंखा बंद केला असेल, उशी देऊन डोकं थोडं उंच केलं असेल, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला असेल. ‘आता हे काय काढलंय’ असं म्हणणारंही कुणी असेलच. त्यांनाही त्यानं तोंड दिलं असेल. गेलेल्या माणसाचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढंच फोन फिरवणाऱ्या या माणसाचं आहे असं मी मानतो. मृताला काही वाटण्याची वेळ निघून गेली होती. या जित्या माणसानं स्वतःचं रडू बाजूला ठेवलं.

आणखी एक नातं यात आहे. एका माणसाची दोन बुबुळं सहसा दोघांना दिली जातात. म्हणजे माझ्या दात्याच्या दुसऱ्या डोळ्यानं कुठेतरी आणखी कुणी पाहत असावं. सख्खं नाही, चुलत नाही, आपल्या भाषेत या नात्याला हाक मारायची सोय नाही. दिवाळीत घरच्यांना फराळाचे डबे पाठवताना मला हटकून त्या माणसाची आठवण येते.

पहिलं यशस्वी बुबुळ-प्रत्यारोपण 1905 साली झालं, ऑलोमाऊट्स या गावी, एडुआर्ड त्सिर्म यांच्या हातून. चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला त्यांनी दिसायला लावलं. ते बुबुळ मात्र एका जिवंत मुलाच्या निकामी झालेल्या डोळ्यातून घेतलेलं होतं. मृतांची बुबुळं वापरता येतात हे ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव्ह यांनी 1930 च्या दशकात पुन्हा पुन्हा करून दाखवलं. आपल्याकडे 1945 साली मद्रासला नेत्रपेढी निघाली. माणूस मेल्यावर त्याचं सगळं एकाच क्षणी मरत नाही, ही गोष्ट फिलातोव्ह यांनी पक्की केली, आणि माझ्यासारख्यांचं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं आहे. त्यांची आठवण मी डॉक्टरांइतक्याच आदरानं ठेवतो.

वडील 2011 च्या पावसाळ्यात गेले. ते माळकरी. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर प्रकृतीनं साथ दिली तोवर वारी चुकवली नाही. माझ्या शस्त्रक्रियेनंतर एकदा ते आपणहून म्हणाले होते, ‘‘आपण घेतलंय, तर आपल्याकडनंही जायला पाहिजे.’’ पहाटे ते गेले आणि मी फोनकडे वळलो, तेव्हा आत्यानं माझा हात धरला. ती वडिलांहून मोठी, भावावर पोटच्या पोरासारखी माया.

‘‘अरे, आंधळा जन्माला येईल रे तो पुढच्या जन्मी.’’

ती कांगावा करत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती, आणि भावाच्या पुढच्या जन्माची काळजी वाहणाऱ्या बाईला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही. मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, ‘‘आत्या, गीतेत जुनं वस्त्र टाकून नवं घेतो म्हटलंय ना? तू रोज म्हणतेस तो अध्याय. मग जुन्या वस्त्रातलं काही कुणाला दिलं, तर नव्याला भोक कसं पडेल?’’ ती काही बोलली नाही. मग मी माझा उजवा डोळा तिच्यापुढे धरला. म्हटलं, ‘‘ज्यानं हा दिला, तो आता कुठेतरी आंधळा फिरतोय असं वाटतं तुला?’’

ती बराच वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘देव असं कसं करेल?’’ आणि स्वतः उठून कापूस भिजवून आणला.

नेत्रपेढीची दोन मुलं आली. वीसेक मिनिटांत काम उरकून, पापण्या नीट मिटवून, वडिलांच्या पायाला हात लावून गेली. चेहऱ्यावर कसलीही खूण नव्हती. आप्पांना मरणानंतर काहीच नाही याची खात्री होती. आत्याला पुढचा जन्म असल्याची. दोघांनी आयुष्यात एकमेकांचं एक वाक्य मान्य केलं नसतं, पण ओल्या कापसापाशी दोघं एकाच ठिकाणी पोचले. माझा स्वतःचा कौल अजून कुठल्याच बाजूला पडत नाही. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी जाऊन नेमका हाच प्रश्न विचारतो. यम त्याला हत्ती, घोडे, दीर्घायुष्य देऊ करतो, पण हे विचारू नको म्हणतो. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्या तीन वरांचा क्रम मोलाचा वाटतो. नचिकेता पहिला वर मागतो तो बापाचं मन निवावं म्हणून. मरणापलीकडचं विचारायचं ते तिसऱ्या वराला. घरचं देणं आधी, मग ते कोडं.

वडिलांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा लगेच शिवला. आत्याला समाधान वाटलं आणि तिचं समाधान पाहून मलाही. पुढे पितृपक्षात गुरुजींना मी माझी अडचण सांगितली. वडिलांबरोबर आणखी एकाला पाणी द्यायचंय, पण नाव-गोत्र ठाऊक नाही, कदाचित आपल्या धर्माचाही नसेल. गुरुजी वयानं माझ्याहून लहान, बी.कॉम. झालेले. त्यांनी जराही न अडखळता सांगितलं, गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. तर्पणाच्या शेवटी, जे आपले कुणी नव्हते किंवा दुसऱ्या कुठल्या जन्मी आपले होते, त्यांनाही पाणी देतात. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना. महालयात धर्मपिंड असतो तोही, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही त्यांच्यासाठी. ‘‘तुमची व्यवस्था आधीच करून ठेवलीय,’’ ते म्हणाले. ज्यांनी कधीकाळी हे विधी बांधले त्यांना बुबुळ कुठे ठाऊक होतं? पण अनोळखी माणसाचंही आपल्यावर देणं असू शकतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून मी ते पाणी न चुकता देतो. ते पोचतं का, हे मी गुरुजींना विचारत नाही. मला ते द्यायचं असतं.

मध्यंतरी डॉक्टरांनी मला त्या पेशी दाखवल्या. त्यासाठी एक यंत्र असतं, हनुवटी टेकवून बसायचं, एक झगमग होते आणि पडद्यावर चित्र उमटतं. राखाडी पार्श्वभूमीवर षट्कोनी घरं, एकाला एक लागून, मधाच्या पोळ्यासारखी. तरुण डोळ्यात ती एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-तीन हजार असतात. माझ्यातली बरीच कमी झाली आहेत. जिथे एखादी पेशी गेली, तिथे शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, त्यामुळे काही घरं ओबडधोबड मोठी झालेली. डॉक्टर आकडे वाचत होते आणि मी त्या माणसाकडे पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होतो. त्याचा फोटो मला कधी मिळणार नाही, हाच त्याचा फोटो. उरलेल्यांनी गेलेल्यांची जागा भरून काढलेली, आणि बुबुळ अजून स्वच्छ.

डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षांनी कदाचित दुसरं बुबुळ लागेल. म्हणजे पुन्हा कुठलं तरी घर, पुन्हा ते सहा तास, पुन्हा कुणीतरी रडता रडता फोन फिरवणार. मी विचारलं, माझे डोळे कुणाच्या उपयोगी पडतील का? ते म्हणाले, दृष्टी देण्यासाठी नाही. केरॅटोकोनसचं बुबुळ दुसऱ्याला बसवत नाहीत. शिकणाऱ्या डॉक्टरांना अभ्यासाला मात्र उपयोगी पडतील, आणि शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला. घेतलं त्याच नाण्यात मला परत करता येणार नाही. वडिलांनी केलं, मला ते जमणार नाही, ही टोचणी आहे.

देहदानाचा अर्ज मी गेल्या महिन्यात आणला. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि खरं तर सहीपेक्षा त्यानं वेळेवर फोन करणं महत्त्वाचं. मुलीला समोर बसवून सगळं समजावलं. नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून घेतला, जावयाच्याही. तिनं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि विचारलं, ‘‘बाबा, यात डोळेही तुमचेच धरलेत. उजव्याचं काय करायचं?’’

मी म्हटलं, ‘‘त्याला वेगळा रकाना नाही. समासात लिही.’’