गुरुवारची सुटी

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या पुण्याच्या भागांत सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या गच्च्या, सज्जे, जिने आणि न्हाणीघरांखालचे स्लॅब यांच्या दुरुस्तीवर माझ्या व्यवसायाचा प्रपंच उभा आहे. या कामाची एक ठरलेली रीत असते. चिटणीस तीन दरपत्रके मागवतात, सर्वसाधारण सभेत त्यांवर यथासांग वादविवाद होतो, आणि पुष्कळदा काम मिळते ते सर्वांत स्वस्त मक्तेदाराला नव्हे, तर शेजारच्या संस्थेत ज्याचे काम दोन पावसाळे टिकलेले सभासदांनी पाहिले आहे त्याला. मुदतीचा जाच येथे फारसा नसतो. चैत्रात कुरडया-पापड वाळवायला गच्ची मोकळी मिळावी आणि मृगाच्या आत गळती थांबावी, एवढ्या दोन अटी पाळल्या की आठवडा-पंधरवडा इकडेतिकडे झाल्याबद्दल कोणी दंड आकारीत नाही.

कारखान्यांच्या आणि गोदामांच्या कामाकडे वळावे हा विचार माझ्या मनात आला तेव्हा तो, बहुतेकांच्या मनात येतो तसाच, क्षेत्रफळाच्या हिशेबाने आला होता. जिथे एका सज्जाखाली उकिडवे बसून दिवस घालवायचा, तिथे हजारो चौरस फुटांची फरशी एकसंध मिळेल. माल तोच, छिन्नी-हातोडा तोच, माणसे तीच. यात असत्य काहीच नव्हते. काँक्रीटला मालकाची जात ठाऊक नसते. ताज्या काँक्रीटची क्षारता पीएचच्या मापाने साडेबारा-तेरापर्यंत असते आणि तिच्या आश्रयाने सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत झिरपत ती क्षारता नऊच्या आसपास उतरवतो, पापुद्रा नाहीसा होतो, ओल मिळताच सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागत असल्यामुळे वरचे आवरण तडकून सुटते. ताज्या फोडलेल्या पृष्ठावर फिनॉल्फथॅलिन शिंपडले की जिथे गुलाबी रंग चढतो तिथे क्षारता शाबूत आहे आणि जिथे रंगच येत नाही तिथपर्यंत ऱ्हास पोहोचला आहे, ही परीक्षा प्राध्यापकांच्या बंगल्यात आणि भोसरीच्या कारखान्यात सारखीच लागू पडते. हातोडीने ठोकून पाहताना जो बद्द आवाज येतो तोही दोन्हीकडे एकच.

परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर जी कारखानदारी वाढली, तिचे पंचांग निराळे आहे. तिथली सर्वसाधारण साप्ताहिक सुटी रविवारची नसून गुरुवारची; आणि चालत्या कारखान्यातील दुरुस्तीचे सारे काम बुधवारी रात्री यंत्रे थांबल्यापासून शुक्रवारी पहिली पाळी हजर होईपर्यंतच्या तीस-बत्तीस तासांत बसवावे लागते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे गिऱ्हाईक चौरस फुटाचे पैसे देत असल्याचे दरपत्रकात दिसले, तरी वस्तुतः ते उत्पादन न थांबवण्याचे पैसे देते. घरमालक दुरुस्ती विकत घेतो, कारखानदार वेळ विकत घेतो. आणि एक विकणाऱ्याला दुसरे आपोआप विकता येते असे नाही.

उदाहरणादाखल गोदामाच्या फरशीतील सांधा घ्यावा. माल वाहणाऱ्या हातगाड्यांची चाके लहान आणि टणक असतात, त्यामुळे सारा भार एका वेळी काही चौरस सेंटीमीटरवर येतो, आणि सांध्याच्या कडा रोजच्या आघाताने ढासळत जातात. ही कड बांधायची तर प्रथम हिऱ्याच्या पात्याने तुटलेल्या भागाच्या बाहेरून सरळ, उभा काप घ्यावा लागतो, कारण कडेला निमुळता होत गेलेला माल पहिल्याच गाडीखाली उडून जातो. मग आतले खिळखिळे काँक्रीट हलक्या यंत्राने काढायचे. जड यंत्राने काम झपाट्याने उरकते खरे, पण त्याच्या दणक्याने खालच्या धडधाकट थरात सूक्ष्म भेगा पडतात आणि नवा माल त्या भेगांसकट सुटून येतो. त्यानंतर धुळीचा कण राहणार नाही अशी सफाई, पृष्ठ आतून ओले पण वरून पाणी साचलेले नाही अशा अवस्थेला आणणे, पातळ लेप घासून बसवणे, मोजक्या पाण्यात माल कालवून तो लेप वाळण्यापूर्वी भरणे, आणि माल आवळल्यावर मूळ सांधा पुन्हा कापून त्यात कडांना आधार देईल असे घट्ट भरण घालणे. शीघ्र आवळणारा माल काही तासांत चाकाखाली टिकतो, म्हणून वेळ वाचतो तो शेवटच्या टप्प्यात. कापण्याच्या, फोडण्याच्या आणि साफ करण्याच्या वेळेत तिळमात्र कपात करता येत नाही. गुरुवारची सुटी अपुरी पडू लागली की व्यवस्थापकाची आणि आपल्या मिस्त्रीचीही नजर नेमकी याच वेळेकडे वळते. सोसायटीच्या कामात मिस्त्री म्हणत असे, "साहेब, राहिलेलं उद्या बघू". इथे उद्या नसतो, म्हणून किती सांधे हाती घ्यायचे हे बुधवारच्या आधी ठरवावे लागते.

दुसरा भेद दप्तराचा. संस्थेच्या चिटणिसांना तोंडी शब्द पुरेसा वाटे. कारखान्याचा खरेदी विभाग करारनामा पुढे ठेवतो आणि त्यात हमीचे कलम असते. धातूवर जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी जिथे लवणाम्लाने लोखंड धुतात, तिथल्या वाफांबरोबर क्लोराइड खांबांत शिरते. अशा खांबाचा फुटलेला भाग काढून तिथे नवा माल भरला की त्या जागेची सळई सुरक्षित होते, पण तिच्या लगतच्या जुन्या, दूषित काँक्रीटमधील सळई पूर्वीपेक्षा जलद गंजू लागते. कारण इतके दिवस शेजारचा गंजता भाग तिचे एक प्रकारे रक्षण करीत होता. दोन वर्षांनी ठिगळाच्या कडेलाच तडा दिसतो आणि हमीचे कलम उघडले जाते. म्हणून क्लोराइड कुठवर पोहोचले आहे त्याची तपासणी कोणी करायची, दूषित काँक्रीट सळईच्या मागपर्यंत किती काढायचे, आणि न काढलेल्या भागाची जोखीम कोणाच्या माथी, हे सारे सहीपूर्वी लिहून घेणे हा दुरुस्तीचाच भाग आहे असे मी मानतो.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती थोडक्यात सांगता येते. मजुराला आठवड्याचा पगार आठवड्यालाच हवा. कारखान्याचे बिल मोजमाप, रुजवात आणि मंजुरी यांच्या पायऱ्या चढत दोन-तीन महिन्यांनी उतरते, आणि त्यातूनही अनामत म्हणून काही टक्के रक्कम हमीची मुदत संपेपर्यंत मागे राहते. शिवाय भविष्य निर्वाह निधीची आणि विम्याची कागदपत्रे दाखवल्याखेरीज फाटकातून माणूस आत जात नाही. काम दुप्पट झाले म्हणजे अडकलेली रक्कमही दुप्पट होते, आणि या व्यवसायात माणसे बुडतात ती बहुधा काम नसल्यामुळे बुडत नाहीत, भरभराटीच्या वर्षीच बुडतात.

या कारणासाठी मी संस्थांचे काम सोडलेले नाही. त्यांचा पैसा वेळेवर येतो आणि कारखान्याच्या बिलाची वाट पाहण्याचे बळ देतो. आणि नव्या पोराला हातोडीचा आवाज ओळखायला शिकवायचे तर ते कुठल्या तरी जिन्याखालीच शिकवता येते, जिथे घड्याळ त्याच्या मानेवर बसलेले नसते. कारखान्याकडून विचारणा आली की दरापूर्वी मी एकच प्रश्न करतो, जागा सलग किती तास ताब्यात मिळेल. आणि उत्तरातून कापणे, फोडणे, सफाई व माल आवळणे यांचे तास वजा करून जेवढे सांधे उरतात तेवढ्यांचेच दरपत्रक पाठवतो, मग विचारणा त्याच्या चौपट सांध्यांची का असेना. काही व्यवस्थापक हे दरपत्रक परत पाठवतात. जे ठेवून घेतात, त्यांच्या फरशीवर आठवड्यामागून आठवडा थोडे थोडे काम करीत जाणे मला परवडते, आणि अनुभवाने सांगतो, त्यांनाही.